आपली दहावी आणि बाबासाहेबांचा दहावा खंड

(मार्च १९८५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलताना राहून गेलेले दोन-तीन संदर्भ लिहिताना घातले आहेत.)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू तीस वर्षं कॉलेजात पोरं शिकवलीस, त्यावर पंधरा मिनिटं बोल. पण उगाच कोणाला रडवू नको आणि राजकारण नको." रडवणार नाही. राजकारणाचं वचन देता येत नाही, कारण माझा विषयच राज्यशास्त्र आहे.

विषय कोणता घ्यावा ते मात्र मी ठरवलं नाही. आपल्या बॅचमधला एक भाऊ जहाजावर असतो. तो समोरच बसला आहे, नाव घेतलं तर उठून जाईल. मागच्या हिवाळ्यात त्यानं ग्रुपवर लिहिलं होतं, की त्याच्या जहाजावर निम्मी मंडळी फिलिपिन्सची आहेत आणि ३० डिसेंबरला त्यांनी जेवणाच्या टेबलावर एका माणसाचा फोटो ठेवला. होसे रिझाल. यानं थर्ड इंजिनिअरला विचारलं, हा कोण? तो हसला आणि म्हणाला, आमच्याकडे इंजिनिअर व्हा नाहीतर नर्स व्हा, या माणसाचा पेपर पास केल्याशिवाय डिग्री मिळत नाही. त्यावर आपल्या भावानं मला विचारलं, "आपल्याकडे असं कोणाचं शिकवतात का ग?" ग्रुपवर मी अंगठा दाखवून मोकळी झाले होते. उत्तर लांब होतं, ते आज देते.

आधी त्यांचं सांगते. रिझाल हा डोळ्यांचा डॉक्टर. जन्म १८६१ चा. फिलिपिन्सवर तेव्हा स्पेनचं राज्य होतं. यानं दोन कादंबऱ्या लिहिल्या. 'नोली मे टांगेरे' १८८७ साली बर्लिनला छापली आणि 'एल फिलिबस्टेरिस्मो' १८९१ साली बेल्जियममधल्या गेंट गावी. आपल्या देशात छापणं शक्यच नव्हतं. त्यात स्पॅनिश सत्ता होती, आणि सत्तेच्या खांद्यावर हात टाकून बसलेले मठातले पाद्रीही होते. ३० डिसेंबर १८९६ ला मनिलात त्याला गोळ्या घालून मारलं. वय पस्तीस.

पुढे देश स्वतंत्र झाला, आणि १२ जून १९५६ ला तिथे कायदा झाला की सगळ्या शाळा, कॉलेजं आणि विद्यापीठांत रिझालचं चरित्र आणि लेखन शिकवलंच पाहिजे. कायद्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे. हो, तेच. ज्यांच्या नावाचा पुरस्कार आपल्या पवनारच्या विनोबांना मिळाला, आनंदवनच्या बाबा आमटेंना मिळाला, हेमलकशाच्या प्रकाश आणि मंदाकिनी आमटेंना मिळाला. विदर्भाच्या माणसाला मॅगसेसे हे नाव परकं नाही, फक्त ते गृहस्थ होते कोण हे आपण कधी विचारलं नाही.

कायदा सुखासुखी झाला नाही. कादंबऱ्यांत पाद्र्यांवर टीका, आणि देश कॅथलिक. चर्चचा विरोध होता. सक्ती केली तर आमच्या शाळा बंद करू, अशी भाषा झाली. मग तडजोड निघाली: धर्मश्रद्धेच्या कारणावरून एखाद्या विद्यार्थ्याला पुस्तक वाचायचं नसेल तर त्यानं शपथपूर्वक तसं लिहून द्यावं, त्याला सूट मिळेल. पण मला त्या कायद्यातली दोन कलमं फार आवडतात. एक असं, की कॉलेजात वापरायची ती मूळ, काटछाट न केलेली आवृत्ती. दुसरं असं, की प्रत्येक ग्रंथालयात पुरेशा प्रती हव्यात, आणि सरकारनं देशातल्या मुख्य बोलींत भाषांतरं करून स्वस्तात छापावीत, गावपातळीवर फुकट वाटावीत. त्यासाठी तीन लाख पेसो कायद्यातच मंजूर केले. नुसतं 'आदर ठेवा' म्हणून थांबले नाहीत, कागद, शाई आणि भाषांतर यांचा हिशेब मांडला.

आता १९५६ हे साल आपल्याला वेगळं सांगायला नको. जूनमध्ये तिकडे तो कायदा झाला. १४ ऑक्टोबरला इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर दीक्षाभूमी झाली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांचे आजोबा-आजी त्या मैदानावर होते.

आपल्याकडे तसा कायदा नाही. कोणाचाच नाही, गांधीजींचाही नाही, फुल्यांचाही नाही. अमुक एका माणसाचं लेखन वाचल्याशिवाय डिग्री नाही असं आपण म्हटलेलं नाही, आणि सक्तीबद्दल माझं मन आजही दोन्हीकडे जातं. सक्तीनं वाचलेलं पुस्तक पोरगं परीक्षेनंतर रद्दीत देतं, हे तिकडेही होतच असणार. पण आपण दुसरं एक काम केलं, आणि ते जगात फार कमी ठिकाणी झालं असेल. राज्य सरकारनं स्वतः बाबासाहेबांचं लेखन गोळा करून छापायला घेतलं. आणि त्या कामात नागपूरचा हात मोठा आहे, म्हणून थोडं थांबते.

बाबासाहेब गेल्यावर त्यांची अप्रकाशित हस्तलिखितं पेट्यांमध्ये भरून दिल्लीत न्यायालयाच्या ताब्यात गेली. वर्षानुवर्षं पडून राहिली. १९७६ साली महाराष्ट्र शासनानं चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली. नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी नागपूर खंडपीठात दावा लावला, की हे साहित्य सरकारनं छापावं, नाहीतर अनुयायांना छापू द्यावं. आणि संपादनाला बसले वसंत मून. महारपुऱ्यात वाढलेला हा माणूस महसूल खात्यात नोकरीला होता. त्यांचं 'वस्ती' हे आत्मकथन तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल, नसेल तर वाचा, जुनं नागपूर त्यात आहे. पहिला खंड १४ एप्रिल १९७९ ला निघाला. आपण तेव्हा चौथीत होतो. पहिल्या सोळा खंडांवर मून यांचं नाव आहे. २००२ साली ते गेले. एका माणसाच्या आयुष्याची वीस-बावीस वर्षं म्हणजे कपाटातली एक रांग.

आणि तिकडे चर्चचं झालं तसं इकडेही झालंच. चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', १९८७ मध्ये आला. राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टावरून वादळ उठलं. मी तेव्हा बी.ए. च्या पहिल्या वर्षाला होते, छोट्या लाईनच्या गाडीनं नागपूरला जायची. गाडीत दोन गट. एकानं खंड वाचलेला नाही, दुसऱ्यानंही वाचलेला नाही, आणि दोघंही तावातावानं भांडताहेत. सरकारनं परिशिष्ट मागे घेण्याची भाषा केली, मग फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत लाखोंचा मोर्चा निघाला, आणि शेवटी परिशिष्ट राहिलं आणि खाली टीप आली की या मतांशी शासन सहमत असेलच असं नाही. मला ती टीप तेव्हा भित्री वाटली होती. आता वाटते, बरी होती. पुस्तक पुरतं राहिलं, कोणाला पटो न पटो.

हा झाला छापण्याचा भाग. शिकवण्याचा भाग वेगळा, आणि तो मी केला.

१९९५ च्या सुमाराला मी ज्या कॉलेजात लागले तिथे राजकीय विचारवंत असा एक पेपर होता. त्यात प्लेटोपासून बाबासाहेबांपर्यंत सगळे. प्रत्येकाला एक प्रकरण. पोरं गाईड घ्यायची. गाईडमध्ये बाबासाहेब म्हणजे जन्म, शिक्षण, चवदार तळं, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, राज्यघटना, धर्मांतर, निष्कर्ष. प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेलं, सोळा मार्क. आणखी एक गोष्ट सांगते, ती कडू आहे. वर्गात त्या प्रकरणाला बौद्ध पोरं पुढं सरसावून बसायची आणि कुणबी, तेली, माळ्यांची पोरं वहीवर फुली मारून गांधी नाहीतर टिळक करायची. विचारवंत वाटून घेतलेले. मी विचारलं तर एक पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, ते त्यायचं आहे ना."

मी काय करावं या विचारात असताना ग्रंथालयात दहावा खंड हाती लागला. १९९१ साली निघालेला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, त्या चार वर्षांचं काम त्यात आहे. जाडजूड, बराचसा विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांचा, दिसायला अगदी कंटाळवाणा. कोणी उघडलेलाही नव्हता, मागच्या कार्डावर एकही तारीख नव्हती.

त्यांच्याकडे मजूर खातं होतं एवढं आपण सगळे जाणतो. पण त्या खात्यात काय काय होतं ते ऐका: वीज, खाणी, धरणं. म्हणजे खापरखेडाच!

आपल्यापैकी कोणाचे वडील पॉवर हाऊसात, कोणाचे सिल्लेवाडा नाहीतर चनकापूरच्या खदानीत. ज्यांचे दोन्हीकडे नव्हते त्यांचं किराण्याचं दुकान या दोघांच्या पगारावर चालायचं. आपण दहावीत असताना २१० मेगावॅटच्या नव्या संचांची कामं सुरू होती, आठवतं? पहिला संच १९८९ ला सुरू झाला. आज चार २१० चे आणि एक ५०० चा, मिळून १३४० मेगावॅट. चिमण्या बघूनच आपण गाव जवळ आलं हे ओळखतो. पण वीज ही सरकारनं काढायची की खाजगी कंपनीनं, स्वस्त असावी की नफ्याची, ती कशासाठी हवी, हे प्रश्न कोणीतरी कधीतरी मांडून बसलेलं होतं. २५ ऑक्टोबर १९४३ ला विजेच्या धोरण समितीसमोर बाबासाहेबांनी केलेलं भाषण त्या खंडात आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: या देशाला गरिबीच्या रहाटगाडग्यातून बाहेर काढायचं तर कारखानदारी हवी, कारखानदारीला वीज हवी, आणि ती मुबलक व स्वस्त हवी. वीज हा त्यांच्या लेखी चैनीचा विषय नव्हता. शेतीवरचं ओझं कमी करायचा तो मार्ग होता. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं. दामोदर खोऱ्याची योजनाही याच काळात त्यांच्या खात्यात आकाराला आली. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्यातून राज्यांची वीज मंडळं निघाली. तोवर ते त्या खात्यात नव्हते, तेव्हा त्याचं श्रेय त्यांना देणार नाही. पण एमएसईबीच्या पगारावर ज्यांची शाळेची फी भरली गेली त्यांनी ही वाट कुठून निघाली हे पाहायला हरकत नाही.

मी ते भाषण वर्गात नेलं. त्या वर्षी पहिल्यांदा असं झालं की "ते त्यायचं आहे" म्हणणारा पोरगा तास संपल्यावर थांबला. त्याचे वडील स्विचयार्डात होते. त्यानं विचारलं, "मॅडम, हे आमाले आधी काऊन नाही सांगतलं?" आता त्याला काय सांगू! मलाच कोणी सांगितलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता पुढचं.

त्याच खंडात ८ फेब्रुवारी १९४४ ची चर्चा आहे. विषय: कोळशाच्या खाणीत बायांनी जमिनीखाली काम करण्यावरची बंदी. ही बंदी टप्प्याटप्प्यानं येऊन युद्धाआधी पूर्ण झाली होती. १९४३ मध्ये युद्धामुळे कोळसा कमी पडला, मजूर खाणी सोडून लष्करी कामांवर जास्त पैशाला जाऊ लागले, आणि सरकारनं बंदी उठवली. बंगाल, बिहार, ओरिसा आणि आपला मध्य प्रांत. बाया पुन्हा खाली गेल्या. विधिमंडळात रेणुका रे यांच्यासारख्या सदस्यांनी कडक विरोध केला. आणि सरकारची बाजू मांडायला उभे राहिले खात्याचे मंत्री, डॉ. आंबेडकर.

वर्गात हे वाचताना मी मुद्दाम काही बोलले नाही. पोरींचे चेहरे पाहत होते. त्यांनी पान उलटून पुन्हा पाहिलं, नाव तेच आहे ना? तेच होतं. त्यांचा युक्तिवादही वाचला. हे आणीबाणीचं पाऊल आहे, कायमचं नाही. कोळसा नसेल तर रेल्वे आणि कारखाने थांबतील. आणि खाली जाणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, समान कामाला समान दाम, हे तत्त्व या उद्योगात पहिल्यांदा आपण आणतो आहोत. त्याच सुमाराला त्यांनी खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा सुधारला, आणि १९४४ च्या सुरुवातीला कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. हेही मी वाचून दाखवलं. मग म्हटलं, आता तुम्ही लिहा. निर्णय बरोबर होता की नाही, कारणांसह. गाईडमध्ये याचं उत्तर नाही.

एका पोरीनं लिहिलं की निर्णय चूक होता. दोन पानं, व्यवस्थित मुद्दे. खाली जाण्याखेरीज बाईपुढे दुसरा पर्याय नसेल तर समान मजुरीला ती स्वखुशी म्हणता येणार नाही, असा तिचा मुख्य मुद्दा. ती बौद्ध घरातली, बाप खदानीत लोडर. ट्युटोरियलची वही घरी गेली, घरून मोहल्ल्यात गेली, आणि तिसऱ्या दिवशी सात-आठ माणसं कॉलेजच्या व्हरांड्यात उभी. प्राचार्यांनी मला बोलावलं. मॅडम पोरांना बाबासाहेबांची बदनामी शिकवतात, अशी तक्रार होती.

मी घाबरले होते, हे लपवत नाही. पण खंड सोबत घेऊन गेले. टेबलावर ठेवला. म्हटलं, हा शासनानं छापलेला आहे, वसंत मून साहेबांनी संपादन केलेला आहे, यातलं एक अक्षर माझं नाही. त्यांच्यात एक वयस्क गृहस्थ होते, खदानीतून निवृत्त झालेले. त्यांनी खंडाला आधी हात जोडले. मग म्हणाले, "बाई, मले इंग्रजी येत नाही. तुम्ही वाचा, अन् मराठीत सांगा. पूर्ण सांगा, मधातलं सोडू नका."

मी वाचलं. पाऊण तास लागला असेल. विरोधी सदस्यांचं म्हणणंही वाचलं, बाबासाहेबांचं उत्तरही. व्हरांड्यात शांतता. म्हातारबाबा अधूनमधून थांबवून विचारायचे, टनाला भाव किती होता, बाईचं काम कोणतं, टोपल्याचं की ट्रॉलीचं. सगळं संपल्यावर म्हणाले, "म्हणजे बाबासाहेबानं मजुरी तरी बरोबरीची करून घेतली. थे त्यायच्याबिगर कोणी केलं नसतं. पण पोरगी म्हनते थेही खोटं नाही. बाईले खाली-वर कराले थे काय ट्रॉली हाय का?"

बाकीची माणसं काही बोलली नाहीत. चहा झाला.

त्या पोरीची आजी तेव्हा जिवंत होती. परासियाकडच्या, पेंच खोऱ्यातल्या खदानीत तिनं लढाईच्या काळात काम केलेलं होतं. हे त्या पोरीला तोवर माहीत नव्हतं. वादामुळे घरात विषय निघाला आणि आजी बोलली. मी मुद्दाम भेटायला गेले. म्हातारी अंगणात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लढाई होती म्हनत. खाली चाला म्हने, गेलो. लढाई सरली तं वरतं बसा म्हने, बसलो. खाली होतो तं दोन पैसे दिसत होते." १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली, ते हे 'वरतं बसा'. तिला कायदा ठाऊक नव्हता, तारीख ठाऊक नव्हती. खाली जायची भीती वाटायची का, असं विचारलं तर म्हणाली, वाटे. आणि वर बसवलं तेव्हा बरं वाटलं का, तर म्हणाली, नाही. ना रेणुकाबाईंच्या बाजूची, ना मंत्र्यांच्या. मी हे लिहून नेलं आणि वर्गात वाचलं. माझ्या तीस वर्षांतला तो सगळ्यात चांगला तास होता. आणि गंमत म्हणजे त्यात मी काही शिकवलंच नाही.

जाता जाता म्हातारबाबांनी मला एक विचारलं होतं, त्याचं उत्तर मला आजवर नीट देता आलेलं नाही. "हे मराठीत काऊन नाही?"

विचार करा. बाबासाहेबांचे मोठे ग्रंथ इंग्रजीत, कारण त्यांना ते देशातल्या आणि बाहेरच्या विद्वानांसमोर ठेवायचे होते. रिझालनं कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये लिहिल्या, आज त्याच्या देशात ती भाषा वाचणारा शोधावा लागतो. म्हणून तिथे भाषांतराची तरतूद कायद्यातच घातली. आपल्याकडे खंड इंग्रजीत निघत गेले, भाषांतरं मागून रखडत आली. २०२१ साली तर वर्तमानपत्रात बातमी आली की नऊ लाख प्रती छापायच्या म्हणून साडेपाच कोटींच्या आसपास कागद घेतला आणि चार वर्षांत छापल्या फक्त ३३ हजार. मुंबई उच्च न्यायालयानं त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. दुसरीकडे, दीक्षाभूमीवर दसऱ्याच्या वेळी जाऊन बघा. परभणीहून, बुलढाण्याहून आलेली माणसं, पायात स्लीपर, आणि पिशवीत पुस्तकं. भाकरीचं फडकं एका हातात आणि खंड दुसऱ्या. वाचक रांगेत उभा आहे आणि पुस्तक गोदामात कागद होऊन पडलं आहे, असं दुसरीकडे कुठं झालं असेल मला माहीत नाही.

पण मराठी अजिबात नाही असंही नाही, आणि मराठीच्या बाई समोर आहेत म्हणून हे सांगितलंच पाहिजे. 'मूकनायक' १९२० चं, 'बहिष्कृत भारत' १९२७ चं. त्यातले अग्रलेख बाबासाहेबांनी स्वतः मराठीत लिहिलेले आहेत, आणि ते काय मराठी आहे! टोकदार, म्हणींनी भरलेलं, भांडखोर, मधेच संत आणि मधेच व्यापाऱ्याचा हिशेब. बाई, तुम्ही आम्हाला आगरकरांचा उतारा शिकवताना म्हणायचात की वाक्य कसं चढत जातं ते बघा. तसंच इथेही चढतं. हे लेख निबंधाचा नमुना म्हणून मराठीच्या तासाला का नाहीत? तिथे 'ते त्यायचं' म्हणायची सोय राहत नाही, तिथे फक्त भाषा चांगली की वाईट एवढंच असतं.

आता नागपूर विद्यापीठात आंबेडकर विचारधारेचा स्वतंत्र पदव्युत्तर विभाग आहे, आपल्या तुकडोजी महाराजांच्या विचारांचाही अभ्यास होतो, विद्यापीठालाच महाराजांचं नाव आहे. चांगलं आहे. माझी तक्रार एवढीच की हे एम.ए. ला आहे. जो पोरगा आय.टी.आय. करून प्लँटात लागतो, जी पोरगी नर्सिंगला जाते, त्यांच्या वाट्याला हे कधी येतं? जहाजावरच्या त्या थर्ड इंजिनिअरला रिझाल आवडला की नाही ठाऊक नाही, पण त्याच्या वाट्याला तो आला तरी. यासाठी कायदा हवा का, यावर माझं आणि माझ्या यजमानांचं अजून भांडण चालू आहे. ते म्हणतात सक्ती केली की फुली मारणारे शपथपत्र लिहून देतील. मी म्हणते, लिहू द्या, लिहायला तरी पुस्तकाचं नाव बघावं लागेल.

ती ट्युटोरियलवाली पोरगी आज वकील आहे. कामगारांच्या केसेस घेते. दोन वर्षांपूर्वी भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, आता लिहिलं असतं तर दुसरं लिहिलं असतं." काय लिहिलं असतं, विचारलं. म्हणाली, "आधी त्या वर्षीचा कोळशाचा आकडा काढला असता."

बरं, पंधरा मिनिटं कधीच झाली, संयोजक घड्याळ दाखवताहेत आणि मागून वडाभाताचा वास येतो आहे. शेवटची कामाची गोष्ट. बॅचतर्फे शाळेला काय द्यायचं यावर ग्रुपवर कूलरपासून कमानीपर्यंत सगळं सुचवून झालं. कूलर देऊच, बाप्पा, मे महिना आपण सगळ्यांनी याच वर्गांत काढला आहे. त्यासोबत मी माझ्याकडून खंडांचा जेवढा संच जमवता आला तेवढा आणला आहे, आणि 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत'ही. मधले काही अंक आणि खंड कमी आहेत. कोणाच्या घरी आजोबांनी दीक्षाभूमीवरून आणलेले पडून असतील तर द्या, नवे मिळतील तेव्हा परत घेऊन जा. मुख्याध्यापक सरांना एकच विनंती केली आहे, आणि त्यांनी हो म्हटलं आहे: कपाटाला कुलूप नको, आणि पुस्तकं घरी न्यायला द्यायची. हरवलं तर बॅच भरून देईल. त्यासाठी कोषाध्यक्षांकडे एक डबा ठेवला आहे.

दहाव्या खंडात विजेचं भाषण आणि खाणीची चर्चा, दोन्ही ठिकाणी मी कागदाच्या पट्ट्या घालून ठेवल्या आहेत. सोबत त्या पानांचं मी केलेलं मराठी आहे, चाळीस पानी वही, अक्षर माझंच, तेव्हा बाईंनी शुद्धलेखन तपासून घ्यावं.

जेवायला चला.